कारागिराचे यंत्र बिघडले, तर तो ग्राहक आहे काय?

आज कोणताही धंदा घ्या, त्यात कुठे ना कुठे संगणक शिरलेला आहे. जेथे पूर्वी हाताने जरीकाम चालत असे, तेथे संगणकावर चालणारे एम्ब्रॉयडरी मशीन घरघरते आहे. किराणा दुकानात वजनकाटा इलेक्ट्रॉनिक झाला, बिल यंत्रातून निघू लागले, पैसे जमा झाल्याची वर्दी काउंटरवरचा डबा देऊ लागला. फ्लेक्स छापणारा, चष्म्याच्या काचा घासणारा, मोबाईल दुरुस्त करणारा, हे सर्व आता एखाद्या तंत्रज्ञान कंपनीचे गिऱ्हाईक आहेत.

यंत्र चालते आहे तोवर सर्व ठीक असते. ते बंद पडले की खरी परीक्षा सुरू होते. "पार्ट वरून मागवला आहे", "हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे", "हे वॉरंटीत बसत नाही", "डीलरला विचारा", "कंपनीला विचारा" अशी उत्तरे ऐकत कारागीर हेलपाटे घालत राहतो. गाळ्याचे भाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अखेर कोणीतरी सांगतो, ग्राहक आयोगात जा. तो जायला निघतो तर दुसरा सांगतो, तू धंद्यासाठी यंत्र घेतलेस, तू ग्राहकच नाहीस!

या दोघांपैकी खरे कोणाचे? व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा प्रश्न नीट समजून घेणे अगत्याचे आहे. म्हणून कंपनीकडून काय अपेक्षा ठेवता येते, कायदा कोणाला ग्राहक मानतो आणि तक्रार कशी मांडावी, या तीन गोष्टींचा आपण क्रमाने विचार करू.

दोष आहे की नाही, हे कोणी ठरवायचे?

कंपनी आणि ग्राहक यांच्यातील बहुतेक भांडणांचे मूळ एकच असते. यंत्रात काही उणे आहे हे दोघांनाही दिसत असते, पण त्याला दोष म्हणायचे की नाही यावर मतभेद होतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९९४ सालचे आहे.

त्या वर्षी अमेरिकेतील इंटेल कंपनीची पेंटियम ही संगणकाची चिप जगभर विकली जात होती. व्हर्जिनिया राज्यातील एका महाविद्यालयात गणित शिकवणारे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळले की काही विशिष्ट संख्यांचा भागाकार ही चिप चुकीचा करते. उदाहरणार्थ, ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे, पण चिप १.३३३७३ सांगत असे. चूक चौथ्या दशांश स्थळावरची, पण चूक ती चूकच.

कंपनीला हा दोष आधीच ठाऊक झालेला होता. तिचे म्हणणे असे की साधारण वापर करणाऱ्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. म्हणून ज्याला अचूक गणिताची खरी गरज आहे असे पटेल, त्यालाच चिप बदलून देऊ. म्हणजे आपल्याला चांगल्या मालाची गरज आहे, हे ग्राहकाने सिद्ध करायचे! लोक यावर संतापले. डिसेंबर १९९४ मध्ये आय.बी.एम. या मोठ्या कंपनीने ती चिप असलेल्या संगणकांची रवानगी थांबवली. शेवटी २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले. या सर्वापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलर्सचा खर्च हिशेबात धरावा लागला.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी. गणिताच्या दृष्टीने कंपनीचा हिशेब कदाचित बरोबरही असेल, पण ग्राहकाची अपेक्षा सरासरीवर चालत नाही. ज्याने पूर्ण किंमत मोजली त्याला पूर्ण माल हवा असतो. कापडाच्या ताग्यात एक ठिकाणी विरलेले निघाले तर गिऱ्हाईक आपल्या दुकानदाराशी जो वाद घालते, तोच हा वाद.

सांगितले नाही, हाही दोषच

दुसरे उदाहरण २०१७ सालचे आहे. ॲपल कंपनीचे काही आयफोन बॅटरी जुनी झाली की अचानक बंद पडत. यावर उपाय म्हणून कंपनीने सॉफ्टवेअर बदलले. त्यामुळे फोन बंद पडणे कमी झाले, पण जुनी बॅटरी असलेले फोन मंद झाले. हे ग्राहकांना स्पष्ट सांगितलेले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये फोनच्या वेगाच्या चाचण्यांतून ही बाब उघड झाली.

विचार करा. फोन मंद झाला की माणसाला वाटते, फोन म्हातारा झाला, नवा घ्यावा. खरे तर केवळ बॅटरी बदलली असती तर काम भागले असते. कंपनीने त्याच महिन्यात माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलर्सवरून २९ डॉलर्सवर आणला. परंतु प्रकरण तेथे मिटले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल कंपनीला २.५ कोटी युरो दंड झाला. अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात त्याच वर्षी ५० कोटी डॉलर्सपर्यंतची तडजोड झाली. आपण काही गैर केले, हे मात्र कंपनीने त्या तडजोडीत मान्य केले नाही.

फ्रान्सने दंड केला तो माहिती दडवल्याबद्दल. आपल्याकडील ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातही हेच तत्त्व आहे. सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत संबंधित माहिती जाणूनबुजून न सांगणे याचा समावेश केलेला आहे. मालातील दोषाची व्याख्याही रुंद आहे. दर्जा, प्रमाण किंवा गुणवत्ता यांत कायद्याप्रमाणे, कराराप्रमाणे किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याप्रमाणे जे असायला हवे त्यात उणीव असेल तर तो दोष. म्हणजे माहितीपत्रकात "मिनिटाला इतके टाके" किंवा "तासाला इतक्या प्रती" असे छापले असेल आणि यंत्र ते देत नसेल, तर तो छापील कागदच आपला पुरावा ठरतो.

मूळ प्रश्न: धंद्यासाठी घेतले तर?

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी जो माल घेतो, त्याला कायदा ग्राहक मानत नाही. हे वाक्य कंपन्यांच्या वकिलांना तोंडपाठ असते. परंतु त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, ते आपल्याला तोंडपाठ हवे. स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठीच जो माणूस माल विकत घेऊन स्वतः वापरतो, त्याचा वापर व्यापारी प्रयोजन मानला जाणार नाही, असे ते स्पष्टीकरण सांगते.

याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात उलगडून दाखवला आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे. लेथ मशीन किंवा दुसरे यंत्र स्वतः चालवण्यासाठी घेणाराही ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचे ग्राहकपण जात नाही. पण तेच यंत्र केवळ दुसऱ्याने चालवावे म्हणून घेतले असेल, तर घेणारा ग्राहक ठरत नाही. त्या खटल्यातील अर्जदाराला मात्र स्वतः हा लाभ मिळाला नाही. त्याचे यंत्र मोठ्या उत्पादनासाठी घेतलेले आहे, असा निष्कर्ष निघाला.

पुढे २०१८ साली पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध आगफा इंडिया या प्रकरणात फोटो धुण्याच्या यंत्राचा प्रश्न आला. बेकार पदवीधरांनी भागीदारीत दुकान काढून ते यंत्र घेतले होते. उपजीविकेसाठी भागीदारी केली म्हणून ते ग्राहक नाहीत असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आपल्याकडे दोन भाऊ किंवा चुलते-पुतणे मिळून एक यंत्र घेतात, हे नेहमीचेच. त्यांच्यासाठी हा निकाल मोलाचा आहे.

दुसऱ्या बाजूचा निकालही सांगितला पाहिजे. पॉली मेडिक्युअर या वैद्यकीय साहित्याच्या कंपनीने आयात-निर्यातीची कागदपत्रे सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतले होते. त्यात बिघाड असल्याची तिची तक्रार होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नफ्याच्या व्यवसायाला जोडलेला हा वापर व्यापारी प्रयोजन आहे, म्हणून कंपनी ग्राहक नाही.

दोन्ही टोके डोळ्यांपुढे ठेवून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालेगावात एकाने संगणकीय एम्ब्रॉयडरी मशीन घेतले. तो स्वतः मशीनवर बसतो, मुलगा धागे बदलतो, एक मदतनीस आहे. घर त्यावरच चालते. हा कारागीर ग्राहक आहे, असे ठामपणे मांडता येईल. भिवंडीतील दुसऱ्याने तशीच दहा मशिने घेतली, त्यावर पगारी माणसे बसवली आणि स्वतः तो कापडाचा व्यापार पाहतो. त्याला आयोगात बहुधा दाद मिळणार नाही. यंत्र तेच आणि दोषही तोच असला, तरी दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

व्यापारी प्रयोजन होते हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी विरुद्ध पक्षावर, म्हणजे कंपनीवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात स्पष्ट केले. कंपनीने ते सिद्ध केले, तरच आपण उपजीविकेसाठी यंत्र घेतले होते हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे की हे यंत्र मी स्वतः चालवतो आणि माझ्या कुटुंबाची गुजराण यावर आहे. पुष्कळ जण उलट करतात. नुकसानभरपाई वाढावी म्हणून कामगारांची संख्या आणि उलाढाल फुगवून लिहितात. असे केल्याने आपल्याच हाताने आपले ग्राहकपण पुसले जाते. शिवाय खोटे ते खोटेच, आणि उलटतपासणीत ते उघडे पडते.

जो ग्राहक ठरत नाही, त्याचे सर्व दरवाजे बंद झाले असे मात्र नाही. माल विक्री कायदा, १९३० त्याच्या पाठीशी आहे आणि दिवाणी न्यायालयात तो दावा लावू शकतो. या कायद्यात एक उपयुक्त तरतूद आहे. कोणत्या कामासाठी यंत्र हवे हे घेणाऱ्याने सांगितले असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर यंत्र त्या कामाच्या योग्यतेचे असले पाहिजे, अशी अट गृहीत धरली जाते. पण केवळ नाव पाहून "अमुक कंपनीचे अमुक मॉडेल द्या" असे म्हणून घेतले, तर ही अट लागू होत नाही. तेव्हा कोटेशन मागवतानाच लिहावे, "जाड डेनिमवर काम करायचे आहे, त्यासाठी यंत्र हवे." एक ओळ लिहायला काही खर्च येत नाही.

तक्रार कशी करावी?

प्रथम कागद. पक्के बिल, वॉरंटी कार्ड, कोटेशन, माहितीपत्रक आणि प्रत्येक वेळी मेकॅनिक येऊन गेल्याची जॉबशीट, हे सर्व एका फाईलमध्ये ठेवावे. जॉबशीटवर सही करण्यापूर्वी ती वाचावी. "यंत्र व्यवस्थित चालू आहे" असे छापलेल्या कागदावर घाईत केलेली सही पुढे आपल्याच विरुद्ध उभी राहते. बिघाड कायम असेल तर सहीशेजारी तसे लिहावे. कंपनीशी फोनवर बोलणे झाले तरी त्याच दिवशी तेच लेखी पाठवावे.

गॅरंटी म्हणजे बदलून देणे आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणे, असे बाजारात म्हटले जाते. प्रत्यक्षात शब्दापेक्षा कार्डावरील अटी महत्त्वाच्या. कोणत्या भागावर किती महिने, मजुरी धरून की सोडून, पाणी गेल्यास काय, बाहेरच्या मेकॅनिकने उघडल्यास काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. सॉफ्टवेअर असेल तर दरसाल नूतनीकरणाची रक्कम भरली नाही तर यंत्र चालेल की बंद पडेल, हेही विचारावे.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. हे न्यायालय नाही. येथे आपली तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न होतो. किरकोळ प्रकरणे पुष्कळदा येथेच मिटतात. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एक महिन्याच्या आत निवारण केले पाहिजे.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. याविषयी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१) मालापोटी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग.

२) ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये फी आहे.

३) आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली. बिलावर "न्यायक्षेत्र फक्त दिल्ली" असे छापलेले पाहून घाबरू नये. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एमार एम.जी.एफ. प्रकरणात कायम केले आहे.

४) मुदत दोन वर्षांची. तक्रारीचे कारण घडले तेव्हापासून ती मोजली जाते. "बघू, करू" या आश्वासनांवर मुदत संपू देऊ नये.

५) वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. हे संकेतस्थळ १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले.

६) दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून बिघडलेला भाग फेकून देऊ नये, तसेच पावती न घेता मेकॅनिकच्या हाती देऊ नये.

तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा याहून जास्त काळ लागतो. त्यामुळे धीर धरावा आणि सन्मानाची तडजोड पुढे आली तर तिचाही विचार करावा. कायद्यात मध्यस्थीची सोय त्यासाठीच आहे.

मोबाईल किंवा इंटरनेट कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा समज पूर्वी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन-आयडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला आहे. अशा सेवेबद्दलही आयोगाकडे दाद मागता येते.

काउंटरच्या पलीकडे उभे असताना

आतापर्यंत आपण घेणाऱ्याच्या बाजूने बोललो. परंतु आपल्यातील कित्येक जण मोबाईल, घड्याळे, पंखे, इलेक्ट्रॉनिक माल विकतात. जो न्याय कंपनीकडून हवा, तोच आपल्या गिऱ्हाइकाला द्यावा लागेल.

बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे, ही देखील अनुचित प्रथाच आहे.

मालामुळे कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर उत्पादकाबरोबर विक्रेत्यावरही जबाबदारी येऊ शकते. कंपनीच्या हमीपलीकडे आपण स्वतः वेगळी हमी दिली असेल, मालाची जोडणी किंवा तपासणी नीट केली नसेल, धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली नसेल, अथवा माल बनवणारा कोण याचा पत्ताच नसेल, तर विक्रेता अडकतो. बिनबिलाचा, बिननावाचा स्वस्त चार्जर चार पैसे जास्त देतो. पण त्यातून आग लागली तर मागे उभा राहणारा कोणी नसतो आणि सर्व भार दुकानदाराच्या अंगावर येतो.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठीही काळ बदलतो आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी केवळ आपल्या सर्व्हिस सेंटरपुरती ठेवू नये, ही मागणी जगभर जोर धरते आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांनी आपल्या मालाच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती द्यावी, अशी कल्पना आहे. रस्त्यावरच्या मोबाईल कारागिराने ही माहिती पाहण्याची सवय लावून घ्यावी. लावलेला भाग मूळ कंपनीचा की पर्यायी, हे बिलावर लिहून द्यावे. त्यामुळे विश्वास वाढतो आणि पुढचा वाद टळतो.

सारांश

यंत्र स्वतः चालवून पोट भरणारा कारागीर हा कायद्याच्या नजरेत ग्राहक आहे. त्याचे हे स्थान कोणी मेहेरबानीने दिलेले नाही, ते कलमात लिहिलेले आहे. मात्र ते स्थान टिकते कागदावर आणि खऱ्या मांडणीवर. घेताना काम लिहून द्या, बिल पक्के घ्या, जॉबशीट वाचून सही करा, दोन वर्षांची मुदत विसरू नका. मोठा कारखानदार असाल तर आपला रस्ता दिवाणी न्यायालयाचा आहे हे ओळखून करारच पक्का करून घ्या. आणि विक्रेते असाल तर गिऱ्हाइकाला तेवढेच सांगा, जेवढे माल करून दाखवील. बाजारात नाव टिकते ते यानेच.